उचल, मुकादम आणि साखरेचा जागतिक बाजार: ऊसतोडीला वेठबिगारी म्हणायचं की नाही?

गोदातीर

गुलामी म्हटलं की आपल्याला आखातात पासपोर्ट काढून घेतलेले मजूर आठवतात, नाहीतर म्यानमारमध्ये म्यावाडीजवळच्या सायबर फसवणुकीच्या छावण्यांत कोंडलेली तरुण पोरं. दोन्ही खरंच आहे. पण आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2022 साली अंदाज दिला की जगात 4 कोटी 96 लाख माणसं आधुनिक गुलामीत आहेत, त्यातली 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत. त्या आकड्यात आमच्या बीड जिल्ह्यातल्या धारूर, वडवणी, पाटोद्याची ऊसतोड करणारी माणसं धरायची की नाही? माझं मत, धरायची. का, ते सांगतो.

ज्यांना ऊसतोड जवळून माहीत नाही त्यांच्यासाठी आधी व्यवहार सांगतो. दसरा झाला की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी, धाराशिव भागातली काही लाख माणसं बिऱ्हाड घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, पुणे, सोलापूरकडे निघतात. काही बेळगाव, बागलकोटपर्यंत जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, त्याला कुणी घेत नाही. पावसाळ्यातच मुकादम, म्हणजे टोळ्या जमवणारा ठेकेदार, दारात येतो आणि उचल देतो, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ रक्कम. हल्ली कोयत्याला 50 हजारांपासून लाख-दीड लाखापर्यंत. पैसे कारखान्याचे. ते वाहतूकदाराकडे येतात, वाहतूकदाराकडून मुकादमाकडे, मुकादमाकडून मजुराच्या हातात. वाहतूकदाराशी कारखान्याचा करार असतो, मुकादमाची वाहतूकदाराशी नोटरी असते. मजुराच्या वाट्याला मुकादमाच्या वहीतली एक ओळ येते, किंवा कोऱ्या स्टँपवरचा अंगठा.

आमच्या शेजारचं एक जोडपं गेल्या साली पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, परत आलं. त्यांनी मला वही आणून दाखवली, हिशोब समजावून सांग म्हणाले. आठवड्याला घरखर्चाला मिळालेली खर्ची उचलीत चढवलेली. बाईला ताप आला होता, तेवढ्या दिवसांचे खाडे लावलेले, आणि खाडा एकाचा असला तरी कोयता थांबला म्हणून दोघांचा. दवाखान्याला दिलेले पैसे वेगळे चढवलेले. टनाच्या रकान्यात मात्र खाडाखोड इतकी की उसाच्या कुठल्या फडात किती भरलं ते मला शेवटपर्यंत लागलं नाही. वजनाच्या पावत्या त्यांच्याकडे नव्हत्याच, त्या गाडीवाल्याकडे असतात. शेवटी लिहिलेलं होतं: बाकी, पुढल्या सालात फेडणे.

पुढल्या सालात त्यांना दुसऱ्या मुकादमाकडे जाता येणार नाही. गेले तर हा माणसं घेऊन दारात उभा राहील. मला बंधन दिसतं ते इथे. काम कष्टाचं आहे एवढ्यावरून मी वेठबिगारी म्हणत नाही. सोडून जायची सोय नाही, म्हणून म्हणतो.

पंचगंगाकाठ

गोदातीर, तुमचं लिखाण मनापासून आहे, पण दुसरी बाजू कुणीतरी मांडायला पाहिजे म्हणून लिहितोय. मी करवीर तालुक्यातला ऊस उत्पादक, भावाचा ट्रॅक्टर ऊस वाहतुकीला आहे. भावानं कर्ज काढून मुकादमाला टोळीसाठी उचल दिली. टोळी आलीच नाही. मुकादमाचा फोन बंद. त्याच्या गावी गेलो तर कळलं, त्यानं त्याच टोळीच्या नावावर आणखी दोघांकडून पैसे उचललेत. पोलिसात तक्रार दिली, पुढं काही झालं नाही. कोल्हापूर-सांगलीत असे वाहतूकदार गावोगाव भेटतील. काहींनी ट्रॅक्टर विकले, काहींनी जीव दिला.

शेतकऱ्याचं म्हणाल तर तोड मिळवायला चिटबॉयच्या, म्हणजे तोडीचा नंबर लावणाऱ्या कारखान्याच्या माणसाच्या, मागं फिरायचं, वर टोळीला खुशालीची, ड्रायव्हरला एंट्रीची चिरीमिरी द्यायची. नाही दिली तर ऊस फडात वाळतो. अशा परिस्थितीत मजूर तेवढा गुलाम आणि आम्ही मालक, हे चित्र आम्हाला लागू पडत नाही. शिवाय ती माणसं स्वतःच्या पायानं येतात, पैसे आधी घेतात. कुणी बांधून आणत नाही.

अ‍ॅड. मीरा

"स्वतःच्या पायानं येतात" हा मुद्दा दर चर्चेत येतो, म्हणून कायदा काय म्हणतो ते मांडते. मी काही वर्षं मजुरांच्या केसेस चालवल्या आहेत.

राज्यघटनेच्या 23 व्या कलमात माणसांचा अपव्यापार आणि वेठबिगार एकाच ओळीत बंद केले आहेत. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात न्या. भगवतींनी सांगितलं की सक्ती फक्त लाठीची नसते, भुकेची आणि परिस्थितीचीही असते. किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस राबत असेल तर ती सक्तीची मजुरी. 1984 च्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात कोर्ट आणखी पुढे गेलं: मजुराला सक्तीनं राबवलं जातंय असं दिसलं, तर ते आगाऊ रकमेच्या बदल्यात आहे असंच गृहीत धरायचं. नाही हे सिद्ध करायचं ओझं मालकावर.

1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचं 15 वं कलम तर प्रत्येक मजुराला पाठ असायला हवं. हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे पैसे देणाऱ्यानं सिद्ध करायचं, मजुरानं नाही. आणि कर्ज वेठबिगारीचं ठरलं की ते फेडायचं राहतच नाही, कायद्यानं ते संपलेलं असतं. तरी कुणी वसूल केलं तर वसूल करणारा गुन्हेगार.

कायदा बांधून आणण्याबद्दल बोलतच नाही. उचलीमुळे माणसाला दुसरीकडे काम करता येत नाही, फिरता येत नाही, किंवा बाजारभावानं मजुरी मागता येत नाही, यातली एक गोष्ट असली तरी पुरे. भारतीय न्याय संहितेचं 143 वं कलमही पाहा. शोषणासाठी माणसांची भरती बळजबरी करून, फसवून किंवा आमिष दाखवून केली तर तो अपव्यापार, आणि त्यात पीडिताची संमती होती की नव्हती हे गैरलागू, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मुकादम पावसाळ्यात घरातली चूल थंड असताना लाख रुपये पुढे करतो, त्या वेळच्या होकाराला संमती म्हणायचं का, यावर माझं उत्तर ठाम नाही असंच आहे.

गोदातीर

पंचगंगाकाठ, तुमच्या भावाची फसवणूक झाली हे वाईटच झालं, आणि असे प्रकार होतात हे आमच्या जिल्ह्यातही सगळ्यांना माहीत आहे. पण तो बुडालेला पैसा शेवटी कुठून वसूल करायचा प्रयत्न होतो? पळालेला मुकादम सापडत नाही, मग टोळीतला जो हाताला लागेल त्याला गाडीत घालून नेतात. अशा अपहरणाच्या तक्रारी आमच्याकडच्या पोलीस ठाण्यांत येतात. लाखोंचा व्यवहार तोंडी चालतो, त्यात वाहतूकदारही भरडला जातो आणि मजूरही. फरक एवढा की वाहतूकदाराचा ट्रॅक्टर जातो, मजुराचं शरीर गहाण पडतं.

आता जरा आकडेमोड करू. जानेवारी 2024 मध्ये शरद पवार आणि पंकजा मुंडे यांच्या लवादानं तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ दिली. टनाला साधारण 366 रुपये धरू. एक कोयता दिवसाला दोनेक टन तोडतो, पहाटे चारला कोपीतून, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतून, निघून, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरून. म्हणजे दोघांचे मिळून 732 रुपये. लाखाची उचल फिटायला 273 टन लागतात, म्हणजे एकही खाडा न होता, खर्ची न घेता सुमारे 137 दिवस. आणि 2024-25 च्या हंगामात राज्यातले बरेच कारखाने शंभर दिवसही चालले नाहीत. शंभर दिवसांत 200 टन, म्हणजे 73 हजार 200. उरलेले 26 हजार 800 त्या जोडप्याच्या अंगावर. यात कुणाचा आळस नाही, कुणाची लबाडीही नाही. पाऊस कमी झाला, ऊस कमी आला, कारखाना लवकर बंद झाला. त्याचं नुकसान सगळ्यात खालच्या माणसाच्या नावावर चढलं.

कृष्णाकाठची बाई

मी वाळवा तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्या शाळेजवळ दरवर्षी कोप्या पडतात. पाचटाच्या आणि प्लॅस्टिकच्या. वाकून आत जावं लागतं, संडास नाही, पाणी कॅनॉलचं. सहा-सात वर्षांची मुलगी पाठीवर भाऊ घेऊन कोपी राखत बसते. तिला शाळेत घेऊन ये म्हटलं तर तिची आई म्हणते, बाई, मग धाकट्याला कोण धरंल.

आधी साखरशाळा होत्या. मग शिक्षण हक्क कायदा आला, मूल नेहमीच्या शाळेतच जावं असं ठरलं, गावाकडे हंगामी वसतिगृहं आली. 2021 साली संत भगवानबाबांच्या नावानं 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची घोषणा झाली. ती जिथे नीट चालतात तिथे मुलं मागे राहतात आणि शिकतात, हे मी पालकांकडून ऐकलंय. पण मुलगी बारा-तेराची झाली की तिला मागे ठेवायची आईला भीती वाटते. बरोबर नेली तर फडात भीती. मग लग्न उरकतात, आणि लग्न झालं की नवा कोयता तयार होतो. मुकादम नव्या जोडप्याला उचल द्यायला लगेच तयार असतो. बालविवाहाचे पोस्टर लावणाऱ्यांनी हा हिशोब समजून घ्यावा.

सातपुडा

बीडची चर्चा निदान होते. नंदुरबार, धुळ्यातून दक्षिण गुजरातच्या कारखान्यांकडे जाणारे आदिवासी कोयते तर महाराष्ट्राच्या लवादातही येत नाहीत आणि गुजरातच्या मतदार यादीतही नाहीत. बारडोली पट्ट्यात पिढ्यान्‌पिढ्या जातायत.

आणि कातकरी. रायगड, ठाणे, नाशिकचे कातकरी वीटभट्टी, कोळसाभट्टीवर बयाणा घेऊन जातात. 2022 साली इगतपुरीत उघडकीला आलं की कातकऱ्यांची लहान मुलं मेंढपाळांकडे राबायला दिलेली होती. मोबदला म्हणून एखादी मेंढी आणि थोडेफार पैसे. त्यातली एक दहा वर्षांची मुलगी मेली तेव्हा गुन्हे दाखल झाले.

डॉ. शीतल

अंबाजोगाई भागात काम करते. 2019 मध्ये गर्भाशय काढण्याच्या बातम्या आल्या, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीनं बीडच्या ऊसतोड महिलांची पाहणी केली. 82,309 जणींपैकी 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे जवळपास सहातली एक. बऱ्याच जणी चाळिशीच्याही आतल्या.

यावर लोक पटकन म्हणतात की मुकादम ऑपरेशन करायला लावतो. प्रत्यक्षात कुणी तसं तोंडानं म्हणावं लागत नाही. पाळीत फडावर पाणी नाही, आडोसा नाही. तीस-पस्तीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन अरुंद फळीवरून ट्रकवर चढायचं. दुखणं अंगावर काढायचं, कारण खाडा लागतो. अंगावरून पांढरं जातं म्हणून बाई गावाकडं खासगी दवाखान्यात येते, आणि तिला कॅन्सरची भीती घालून पिशवी काढून टाकायचा सल्ला मिळतो. ऑपरेशनला पैसे लागतात. ते मुकादमच देतो, पुढल्या उचलीतून. माझ्यासमोर बसलेल्या एका बाईनं विचारलं होतं, ऑपरेशननंतर कितव्या दिवशी मोळी उचलता येईल. ती पस्तिशीची नव्हती. मी तीन महिने म्हणाले. ती काही बोलली नाही, नुसती नवऱ्याकडे पाहत राहिली.

तरुण वयात अंडाशयही काढलं असेल तर हाडं ठिसूळ होतात, कंबर जाते, आणि याच बाया पुन्हा तोडीला जातात. हे डॉक्टरी पेशानं स्वतःच्या आत बघण्यासारखं आहे, फक्त मुकादमाकडे बोट दाखवून चालणार नाही.

रॉटरडॅमकर

मूळचा सोलापूरचा, इथे खाद्यपदार्थांच्या कच्च्या मालाच्या खरेदीत काम करतो. धाग्याच्या नावात जागतिक बाजार आहे म्हणून तिकडचं थोडं.

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या वृत्तसंस्थेनं महाराष्ट्रातल्या साखरेवर मोठी शोधबातमी दिली. उचल, बालविवाह, गर्भाशय हे सगळं त्यात होतं, आणि ती साखर कोका-कोला, पेप्सिकोसारख्यांच्या साखळीत जाते हेही. त्यानंतर आमच्या क्षेत्रात बैठका झाल्या, प्रश्नावल्या निघाल्या. पण ऑडिट कसं होतं ते मी पाहतो. तपासणीस कारखान्याच्या गेटमधून आत जातो, कामगारांचे हजेरीपट बघतो, हेल्मेट-बूट बघतो. तोडणी मजूर हजेरीपटावर नसतातच. फडावर गेलाच तर आधी निरोप गेलेला असतो, आणि सोबत कारखान्याचा शेतकी अधिकारी असतो. त्याच्या देखत कोण तोंड उघडणार?

कायदे मात्र सरकतायत. अमेरिकेनं नोव्हेंबर 2022 मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या सेंट्रल रोमाना या कंपनीची साखर सक्तीच्या मजुरीच्या कारणावरून बंदरावर अडवली. मार्च 2025 मध्ये ती बंदी उठवली, पण मधल्या काळात मोठ्या खरेदीदारांना धाक बसला. युरोपीय संघानं 2024 मध्ये नियम केला, डिसेंबर 2027 पासून सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल इथे विकता येणार नाही.

तरी युरोप येऊन सोडवेल या भरवशावर राहू नका. 2021-22 मध्ये भारतानं शंभर लाख टनांवर साखर निर्यात केली, जून 2022 पासून निर्यातीवर निर्बंध आले. आपल्या साखरेचा मोठा भाग देशातच शीतपेयं, बिस्किटं, मिठाईत जातो. खरेदीदार मुंबई-पुण्यात बसलेत, त्यांना प्रश्न विचारायला डिसेंबर 2027 ची वाट कशाला पाहायची?

वाडीचा_पोरगा

हार्वेस्टर आले की हा प्रश्न मिटेल असं आमच्या कारखान्याचे लोक म्हणतात. आमच्या आई-बापानं वीस-पंचवीस हंगाम तोडलेत. मशीन आलं तर आनंदच आहे, पण उचल अंगावर असताना काम गेलं तर ती फेडायची कशातून, याचं उत्तर त्यांच्यापैकी कुणी देत नाही.

पंचगंगाकाठ

मीरा मॅडम आणि गोदातीर यांचं वाचलं. एक गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूनं घालतो, कारण ती इथं कुणी बोललं नाही. तोडणी-वाहतूक कारखाना देत नाही, आम्ही देतो. एफआरपीमधून, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या उसाच्या किमान दरातून, तोडणी-वाहतूक खर्च वजा करूनच बिल येतं. तेव्हा मजुराच्या नावावर किती गेलं, मुकादमाच्या कमिशनचे 20 टक्के किती, वाहतुकीला किती, हे बिलावर छापून यायला काय हरकत आहे? आमचे पैसे आहेत, आम्हाला कळायला पाहिजेत.

दुसरं, आमचं ऊसबिल 14 दिवसांत द्यायचं असा 1966 पासून नियम आहे. थकलं की आम्ही रस्त्यावर उतरतो, साखर आयुक्तांकडे जातो, कारखान्यावर जप्ती लागते. मजुराची मजुरी किती दिवसांत द्यायची याचा नियम त्यांना कुणी सांगितलाय का? पंधरवड्याला थेट बँक खात्यात जमा झाली, कोयत्यागणिक टनांची पावती हातात मिळाली, तर माझ्या भावासारख्यालाही एवढी मोठी उचल आधी द्यावी लागणार नाही. शेतकरी संघटनांनी दराच्या मागणीत हे घालावं असं मी आमच्या गावात बोलायला सुरुवात केली आहे.

गोदातीर

हे फार मोलाचं बोललात. खरंतर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे 10 रुपये कारखान्यांनी आणि तेवढेच सरकारनं द्यायचं ठरलेलं आहे. पण ते पैसे मजुरापर्यंत न्यायला आधी मजूर कोण हे माहीत हवं. ग्रामसेवकाकडून ओळखपत्रं द्यायचं काम सुरू झालं, पण गावातली यादी आणि फडावरची यादी जुळवतो कोण? 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ऊसतोड मजुरांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हापासून सरकारला निदान उत्तरं द्यावी लागतायत. माझी मागणी एकच आहे. तोडणी मजुरांची नावं कारखान्याच्या पटावर यावीत. नाव पटावर आलं की किमान वेतन, विमा, बाळंतपणाची रजा, अपघाताची भरपाई मागायला जागा होते.

शिरूरकासार_२

हा धागा शोधत शोधत आलो. आमच्या भावकीतली पाच कोयती बागलकोटकडं गेलीत. कारखाना बंद झालाय, पण मुकादम बाकी राहिली म्हणून सोडंना. दुसऱ्याच्या शेतात हळद काढायला लावलंय. एका बाईचे दिवस भरत आलेत. काय करावं?

अ‍ॅड. मीरा

सगळ्यात आधी त्या बाईचं. 112 ला फोन करून ती गरोदर आहे आणि अडवून ठेवली आहे हे स्पष्ट सांगा. मग बागलकोटच्या जिल्हाधिकाऱ्यांना आणि तिथल्या प्रांताधिकाऱ्यांना अर्ज करा, ईमेलनं चालेल, प्रत बीडच्या जिल्हाधिकाऱ्यांना. अर्जात माणसांची नावं, वय, सोबतची मुलं, शेताचं ठिकाण, कधी गेले, उचल किती, आणि आता जाऊ देत नाहीत हे वाक्य जसंच्या तसं. फोनवर लोकेशन मिळत असेल तर तेही टाका. विधी सेवा प्राधिकरणाचा 15100 हा क्रमांक मोफत आहे, त्यांच्याकडून तिथला वकील मागा.

पोलीस म्हणतील, मिटवून टाका, गाडीत बसवून देतो. गाडीत बसायच्या आधी प्रत्येकाचा जबाब प्रांताधिकाऱ्यासमोर व्हायला हवा आणि मुक्ती प्रमाणपत्र, म्हणजे वेठबिगारीतून सोडवल्याचा सरकारी दाखला, मागायला हवं. नुसतं सोडवून आणलं तर उचल तशीच राहते आणि मुकादम पुढच्या महिन्यात गावात येतो. प्रमाणपत्र असेल तर कर्ज संपतं. तातडीची मदत 30 हजारांपर्यंत असते. पुढे पुरुषाला 1 लाख आणि बाई किंवा मुलाला 2 लाखांपर्यंतच्या पुनर्वसनाचा हक्क उभा राहतो. ती मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी बांधलेली आहे, त्यामुळे वेळ लागतो, पण प्रमाणपत्राशिवाय काहीच मिळत नाही.

इथे त्यांची नावं लिहू नका. मला निरोप पाठवा, अर्जाचा मसुदा आज रात्रीच करून देते.

पंचगंगाकाठ

बागलकोटजवळ माझ्या ओळखीचे वाहतूकदार आहेत, कन्नड येणारा माणूस लागला तर सांगा. मॅडमना नंबर पाठवतोय.

शिरूरकासार_२

निरोप पाठवलाय मॅडम. शेताचं लोकेशन मिळालं. बाईच्या नवऱ्याशी बोलणं झालं, 112 ला त्यानंच फोन लावलाय.